एका कपातल्या दोन भाकऱ्या

माघ लागला की परभणीच्या बाजारात द्राक्षांचे हातगाडे उभे राहतात आणि माझ्या घरात माझी नात रेवा येऊन उभी राहते. तिचं पुण्याचं काम म्हणे कुठूनही करता येतं, म्हणून वर्षातले पंधरा दिवस ती ते माझ्याकडे बसून करते. यंदा येताना पिशवीतून लाल वाईनची बाटली घेऊन आली. ओट्यावर काचेचं मोठं भांडं ठेवलं. त्यात संत्र्याच्या फोडी, सफरचंदाच्या चकत्या, मूठभर काळी द्राक्षं, दालचिनीचा तुकडा आणि दोन चमचे साखर टाकली, वरून बाटली उपडी केली आणि म्हणाली, "याला सांग्रिया म्हणतात, आजी." मी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. एखाद्या हसऱ्या शेजारणीचं असावं असं नाव आहे.

मग तिनं फोन काढला. "एका ग्लासात कॅलरी किती असतील गं?" हे तिनं मला विचारलं नव्हतं, फोनला विचारलं होतं. मी पस्तीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं, पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरंच आहे. फोननं दीडशेपासून अडीचशेपर्यंत काय वाटेल ते सांगितलं. रेवा वैतागली. फळं खाल्ली तर वेगळा आकडा, गाळून प्यायलं तर वेगळा, साखर किती विरघळली ते कुणाला माहीत! "घरी केलेल्याचा काही नेम नाही बघ," ती म्हणाली. मी नुसती मान हलवली. त्या भांड्यातून दालचिनीचा आणि भिजल्या फळांचा वास यायला लागला होता, आणि मी ओट्याला टेकून उभी असताना एकीकडे झरीच्या, माझ्या माहेरच्या घरात चालायला लागले होते.

झरीचं घर म्हणजे काही मोठं नव्हे. तीन खण, पुढं ओसरी, ओसरीत कापसाचा ढीग. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यातून सुटून दहाएक वर्षं होत आली होती आणि नुकताच मुंबई राज्यात गेला होता. त्यामुळे नक्की काय बदललं ते आम्हां पोरींना कळत नव्हतं. कळत होता तो कापूस. हिवाळाभर घरात सगळीकडे कापूस असायचा. केसांत, अंथरुणात, भाकरीच्या कडेला चिकटलेला एखादा तंतू. वेचणीच्या बायका दुपारी ओटीतून कापूस आणून ढिगावर ओतत, तेव्हा उन्हाचा आणि सरकीचा एक कोमट वास उठायचा. मी परभणीला मामांकडे राहून शिकत होते. शनिवारी दुपारच्या मोटारीनं झरीला आले की आधी त्या ढिगावर अंग टाकायची, मग आईला हाक मारायची. त्या ढिगात कान बुडाले की गावाचा आवाज लांब जायचा. अजूनही कधी दुपारी पडल्या पडल्या डोळा लागताना मला तसंच लांब गेल्यासारखं वाटतं.

हाक मारली की उत्तर मात्र आईचं यायचं नाही. यमुनाक्काचं यायचं. "आलीस व्हय कुसुम? हातपाय धू, गरम टाकते."

यमुनाक्का माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची मुलगी. आईबाप लहानपणी गेले, एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, आणि सासरच्यांनी तिला एका पत्र्याच्या पेटीसकट आमच्या दारात आणून सोडलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला काय, आयती मोठी बहीण मिळाली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चुलीचा ताबा घेतला. आई नको नको म्हणत राहिली, आणि नको म्हणता म्हणता सहा वर्षं झाली, भाकरी आक्काच थापत होती. वाढायचं तेवढं आईकडे राहिलं. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपाशी पाठ करून आक्का एकटी जेवायची, आई जाता-येता 'वाढू का गं?' म्हणून विचारून जायची. तिला जेवताना पाहिल्याची आठवण मला फारशी नाही. भाकरी थापताना पाहिल्याची मात्र आहे, आणि ती अशी की तिचे हात मी आजही काढून दाखवू शकेन. बारीक मनगटं, त्यावर पिठाची पांढरी बाही, आणि परातीत गोल गोल फिरत मोठा होत जाणारा तो चंद्र.

आक्का निजामाच्या काळात उर्दू शाळेत सातवी झालेली होती. मराठी ती नंतर आपली आपण लिहायला शिकली. त्या वर्षी वडलांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी बातमी आणली की औरंगाबादच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण देतात, राहायला जागा आणि जेवण मिळतं, सातवी झालेली बाई चालते. आक्कानं अर्ज केला. सबंध घरात पहिल्यांदाच तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं. वडील म्हणाले, "जमलं तर लय चांगलं. न्हाई जमलं तर ताडकळसच्या पावण्यांना हो म्हणून टाकू." ताडकळसचे पाहुणे म्हणजे तीन लेकरांचे बाप, पन्नाशीला आलेले एक गृहस्थ. त्यांच्याकडून पाटाची, म्हणजे विधवेशी दुसऱ्या लग्नाची, विचारणा दोनदा येऊन गेली होती. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचं नाव निघालं की आक्का उठून उगीच पाणी आणायला जायची, हंडा भरलेला असला तरी.

परभणीच्या दवाखान्यात तपासणी झाली. सगळं ठीक होतं, वजन सोडून. शहात्तर पौंड भरलं, हवं होतं चौऱ्याऐंशी. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई हैदराबादकडच्या होत्या. चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "आठ पौंड कम है. दो-ढाई महिने हैं. खा-पी के आओ, फिर देखते." आक्का घरी आली आणि नेहमीप्रमाणे चुलीशी बसली. मी विचारलं, "आठ पौंड म्हणजे किती गं?" तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्यापुढं धरली आणि हसली. "ह्याच्यात मावतंय का बग."

आठ पौंड म्हणजे जवळजवळ चार शेर. हे मी काढलं, कारण आमच्याकडे माणूस तोलायचा काटा नव्हता, कापसाचा होता. ओसरीच्या आढ्याला लोखंडी दांडी टांगलेली होती, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला जाड कापडाची झोळी. त्या झोळीत आक्का पाय पोटाशी घेऊन बसली. वडलांनी वजनं चढवली. सदतीस शेर. "कापूस असता तर कमी भरला म्हणून परत केला असता," वडील म्हणाले, आणि झोळीतून आक्काचं हसू ऐकू आलं. ती हसताना दांडी हलत होती. मला ते अजून दिसतं. हलणारी दांडी, कापडातून दिसणारा गुडघ्याचा उंचवटा, आणि खाली आमचे तीन वर केलेले चेहरे.

आईनं ठरवलं, आसव घालायचं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जिंतूरचे वैद्य. त्यांच्याकडून आईनं द्राक्षासव शिकून घेतलं होतं. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, परीक्षेला बसणाऱ्याला, आमच्या घरात सगळ्यांना तेच. पाणी उकळून निववायचं. त्यात शेरभर गूळ, अर्धा शेर काळ्या मनुका ठेचून, धायटीची वाळलेली तांबडी फुलं, लवंग, वेलदोडा, दालचिनी. आजोबांच्या कृतीत नसलेली एक गोष्ट आई आपल्या मनानं घालायची, ती म्हणजे मोसंबीच्या चकत्या. "वास चांगला येतो," एवढंच तिचं शास्त्र होतं. हे सगळं जुन्या तुपाच्या मडक्यात भरायचं, तोंडाला फडकं बांधून वर मातीचा लेप द्यायचा आणि मडकं ज्वारीच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरून टाकायचं. धान्याची ऊब लागते. एक महिना हात लावायचा नाही. रेवाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, म्हणजे तुम्ही घरात दारू गाळत होता!" मी म्हटलं, गाळत नव्हतो, मुरवत होतो. आणि ते औषध होतं.

त्या महिन्यात मी दर शनिवारी कणगीला कान लावायची. सकाळच्या उन्हात खोलीत धूळ तरंगत असायची, ज्वारीचा थंडगार वास असायचा, आणि आत खोल कुठंतरी कुणी कुजबुजल्यासारखा आवाज यायचा. बारीक फुटणारे बुडबुडे. आक्कापण शेजारी येऊन कान लावायची. आमची कपाळं एकमेकींना टेकायची. "काय म्हणायलंय गं?" ती विचारायची. मी म्हणायची, "औरंगाबाद, औरंगाबाद म्हणायलंय." ती खरंच ऐकत राहायची. पंचवीस वर्षांची बाई डोळे मिटून कणगीला कान लावून बसलेली. त्या घटका माझ्या हिशेबी आयुष्यातल्या सगळ्यात बिनहिशेबी घटका होत्या.

हिशेब मात्र माझ्याच वहीत होता. त्या वर्षी गृहशास्त्राच्या बाईंनी आम्हांला पदार्थांच्या उष्मांकांचा तक्ता उतरवून दिला होता आणि घरच्या एका पदार्थाचे उष्मांक काढून आणायला सांगितलं होतं. वर्गातल्या पोरींनी वरण-भात घेतला, थालीपीठ घेतलं. मी आसव घेतलं. मला त्या शब्दाचंच वेड लागलं होतं. उष्मांक! भाकरीत आग असते आणि ती मोजता येते, हे कळल्यापासून मी ताटाकडे निराळ्या नजरेनं बघायला लागले होते.

मामांच्या माडीवर बसून मी आसव मोजलं. तोळ्यांचे ग्रॅम केले. गूळ मांडला, मनुका मांडल्या, मोसंबीच्या चकत्यांना चार आकडे बहाल केले. लवंगांना काही नाही. बेरीज आली जेमतेम पाच हजार. मला वाटलं चुकलं. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. एका माणसाला दिवसाला दोन हजार लागतात असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे महिनाभर पुरून ठेवलेल्या त्या अख्ख्या मडक्यात एका माणसाचं अडीच दिवसांचं जेवण होतं. त्याचे चाळीसेक कप होणार. एका कपात अर्धी भाकरीसुद्धा नाही. त्यातून मनुका गाळून चोथा होणार, तो वेगळाच. बाईंना मी विचारलं, "बाई, फेसाळताना आतला गूळ कुठं जातो?" बाई म्हणाल्या, "जातो काही. किती ते मला विचारू नकोस."

संक्रांत झाल्यावर मडकं निघालं. लेप फोडला, फडकं सोडलं, आणि जो वास आला तो रेवाच्या भांड्यावरच्या वासाचा थोरला भाऊ होता. गोड, तिखट, किंचित आंबूस, नाकातून थेट डोक्यात जाणारा. आईनं गाळून बाटल्या भरल्या. रंग तपकिरी-लाल. आक्कानं पहिला कप ओठाला लावला, डोळे बारीक केले, आणि तिच्या गालावर लाली आली. आई म्हणाली, "बग, लागलं की न्हाई लगेच!" झोळीत बसवून पाहिलं तर अडतीस शेर भरले. तो शेर हिवाळ्याचा होता, हुरड्याचा आणि तिळगुळाचा होता. पण सगळ्यांनी तो आसवाच्या नावावर टाकला.

मग आक्कानं मला बाजूला घेतलं. "कुसुम, तू मोजायलीस म्हणं वहीत. किती भरतंय गं एका कपात?"

खरं सांगायला हवं होतं. मी पंधरा वर्षांची होते, वर्गात पहिली येत होते, आणि खोटं बोलायची मला सवय नव्हती. पण आक्का माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती तशी ती देवाकडेही पाहत नसेल. मला वाटलं, हिचा विश्वास बसला तर अंगाला लागेल. औषध श्रद्धेनं लागतं असं आई म्हणायचीच. मी म्हटलं, "दोन भाकऱ्या."

"एका कपात?"

"एका कपात दोन भाकऱ्यांची ताकद."

आक्कानं रिकाम्या कपात डोकावून पाहिलं. "आन् दिवसाला दोन कप," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, मी फार मोठं पुण्य केलं. सोमवारच्या मोटारीनं मी परभणीला गेले, वाटेत खिडकीतून करडईची पिवळी रानं बघत. सगळं जग मला त्या दिवशी बेरजेचं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी शाळेत कार्यक्रम होता म्हणून मी गेले नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. कापसाचा ढीग अर्धा झाला होता, झोळी रिकामी लोंबत होती. "आक्का, बस," मी म्हटलं. वडील शेतात होते. वजनं मी चढवली. अडतीस शेराला झोळी वर उचलली गेली, वजनांचीच बाजू खाली गेली. एक शेर काढला. तरी तीच खाली. अर्धा काढला तेव्हा दांडी सरळ झाली. साडेछत्तीस.

मी काटा तपासला. दोर तपासला. मग आक्काकडे नीट पाहिलं. गालावर लाली होती, पण गाल आत गेले होते. "आसव पितेस ना?"

"पिते की. रोज दोन कप. चुकवलं न्हाई."

"मग असं कामून झालं? जेवतेस ना?"

"जेवते ना. सकाळ-संध्याकाळ अर्धी अर्धी खातेच." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच माझा धडा विसरले होते. "तूच म्हणलीस ना, एका कपात दोन भाकऱ्या हायेत म्हणून? मंग त्या आणखी कशाला थापू? दोन्हीकडून खाल्लं तर बरं दिसतंय का? तेवढंच तुमच्या घरचं पीठ वाचलं."

पीठ तीच घ्यायची, भाकऱ्या तीच थापायची, शेवटी एकटी तीच जेवायची. कुणाला कळणार होतं?

आई दारात उभी होती. तिच्या हातात धुतलेल्या बाटल्या होत्या. आक्काचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. त्यातले कुठले शब्द तिला लागले ते तिनं सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे. 'तुमच्या घरचं.' सहा वर्षं ज्या चुलीपुढं ती बसली होती, ती चूल अजून आमची होती.

मी रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. की दोन भाकऱ्या खोट्या होत्या, अर्धीसुद्धा नव्हती, अख्खं मडकं म्हणजे अडीच दिवसांचं जेवण होतं. मला वाटलं आक्का चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती झोळीतच बसून होती, पाय पोटाशी घेऊन. तिथूनच म्हणाली, "उगं रडू नगस. तू माझ्यासाठीच म्हणलीस." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "ताडकळसला पानी गोड हाय म्हणं." त्या वाक्यानं जे मला झालं ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

बारा दिवस राहिले होते. आईनं जे जे घरात होतं ते काढलं. तूप, शेंगदाणे, खारीक. आक्काच्या पुढ्यात बसून ती तिला जेवू घालायची. "आणखी घे. वाढू का? थोडं दूध वाढू का?" आणि आक्का ताटावर आडवा हात धरून "पुरे काकू, पुरे" म्हणायची. आईचा जीव तुटत होता हे मी पाहिलं आहे. माझी आई कंजूष नव्हती, दुष्टही नव्हती. तिनं त्या पोरीला कधी एक शब्द लावून बोललेलं मला आठवत नाही. तरीही तिच्या घरात एक बाई सहा वर्षं उपाशी नसून उपाशी होती. हे कोडं मी पुढं आयुष्यभर तक्ते शिकवताना मनात घोळवत राहिले.

तपासणीला आम्ही तिघी गेलो. मोटारीत आक्का खिडकीशी बसली होती. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं सारखा मागं जात होता आणि ती सारखा पुढं ओढत होती. दवाखान्याच्या काट्यावर एकोणऐंशी भरले. पाच पौंड कमी. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला, मग लेखणी तशीच हातात धरून आक्काला विचारलं, "घर में खाने कू नई मिलता क्या?"

"मिळतं की," आक्का घाईनं म्हणाली. "लय मिळतं, बाई."

डॉक्टरीणबाईंनी आक्काकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली होती. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "वहाँ जाके भर जाएगी. भेज दो."

फाल्गुनात आक्का गेली, तीच पत्र्याची पेटी घेऊन. घरात भाकऱ्या आई करायला लागली. त्या जाड व्हायच्या आणि कडेला फाटायच्या.

रेवानं मघाशी मला एक छोटा पेला भरून दिला. चांगलं लागतं. तळाशी गेलेली द्राक्षं मी चमच्यानं काढून खाल्ली. ती म्हणाली, "आजी, खरी कॅलरी त्या फळांत असते हं." असेल. तिनं आपल्या पेल्यातली फळं तशीच ठेवली होती, कमी खायचं म्हणून. हल्लीच्या मुलींना कमी भरायचं असतं. त्यांचं त्यांना माहीत. तिच्या मनगटाकडे बघितलं की मात्र मी तिला ओरडते. ती हसते.

आक्काचं पहिलं पत्र चैत्रात आलं. पोस्टकार्ड, ओळी किंचित वर चढत गेलेल्या. ओसरीत बसून मी आईला वाचून दाखवलं. लिहिलं होतं की ती खुशाल आहे, पहाटे उठावं लागतं, पांढरं पातळ नेसावं लागतं, रक्त बघून पहिल्यांदा भोवळ आली पण आता येत नाही. वजन महिन्यात नऊ पौंडांनी वाढलं, सगळ्या जणी हसतात. जेवण साधंच असतं, ज्वारीची भाकरी आणि वरण. आणि शेवटी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, 'इथली वाढणारी बाई वाढू का म्हणून विचारत नाही. ताटात भाकरी टाकते अन् पुढं जाते.'

आई म्हणाली, "शेवटचं वाच परत."

मी वाचलं. वाचताना मलाच ते कळत गेलं. मला आईनं कधी विचारलं नव्हतं. माझ्या ताटात ती भाकरी टाकायची, नको म्हटलं तरी टाकायची, ओरडून टाकायची. वडलांनाही विचारायची नाही. विचारायची ती पाहुण्यांना, आणि आक्काला. रोज, दोन्ही वेळेला, मायेनं, कौतुकानं, 'वाढू का गं?' आणि विचारल्यावर ज्याला नाहीच म्हणावं लागतं त्यानं नाही म्हणायचं, एवढंच आक्का सहा वर्षं करत आली होती.

आईनं पोस्टकार्ड माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती बराच वेळ ते बघत बसली.

दिवाळीला आक्का चार दिवसांच्या रजेवर आली. पांढरं पातळ, पायात चपला, अंग भरलेलं. दारात मी तिला ओळखायला क्षणभर चुकले. तिनं पेटी ठेवली, हातपाय धुतले आणि सवयीनं परात ओढायला गेली. आईनं परात आपल्याकडे घेतली. "पाटावर बस," ती म्हणाली. आक्का बसली, आमच्या ओळीत, माझ्या शेजारी. आईनं तिला पहिली भाकरी वाढली. दुसरी वाढली. दुसरी संपत आली तेव्हा आई तव्यावरची तिसरी घेऊन उठली, आक्काच्या पुढं आली, आणि मी पाहिलं की तिचे ओठ हलले. पण ती बोलली नाही. भाकरी तिनं ताटात टाकली, पाठ वळवली आणि चुलीकडे गेली. जाळ नीट असतानाही ती वाकून फुंकत राहिली.

आक्काचा हात ताटावर आडवा येता येता थांबला होता. ती त्या भाकरीकडे बघत राहिली. मग तिनं ती मोडली आणि खायला लागली. भाकरी संपली तेव्हा तिनं आईच्या पाठीकडे बघून, जरा मोठ्यानंच म्हटलं,

"काकू, आणखी एक टाका."